कारण : ताप

वंशावळीत 'कोरोना' लिहू नका, असं मला आजवर सहा-सात घरांनी सांगितलंय. परवा कसबा बावड्यातल्या एका काकांनीही तेच सांगितलं. "नाव घाला, तारीख घाला, पन त्येवढं काय घालू नगासा. पोरींची लग्नं व्हायच्यात अजून." मरणाचा आणि पोरींच्या लग्नाचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. या कामात तोंड जरा मिटूनच ठेवावं लागतं.

पण लिहावं, असंच माझं मत आहे. का, ते सांगतो.

वंशावळी जुळवणं हा माझा उद्योग. सातबारा, फेरफार, शाळेचं जनरल रजिस्टर, मोडीतले कागद. निम्मं आयुष्य रेकॉर्ड रूममध्ये रुमालात बांधलेली दप्तरं सोडत शिंकण्यात गेलं. कोरोनाच्या आधीपासून तोंडाला फडकं बांधणाऱ्या मोजक्या कोल्हापूरकरांतला मी एक. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या आणि तीन दिवसांनी माझा धंदा बसला. कचेऱ्या बंद, पुराभिलेखागार बंद, गावाच्या वेशीवर आडवी लाकडं. लोक मोडी कागदांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. तिरके, सावली पडलेले, नेमक्या नावावर अंगठा. मी ते मोठे करकरून वाचायचो आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पिढ्या मांडायचो. बायको म्हणायची, घरात भाजी नाही आणि तुम्ही लोकांचे खापरपणजे शोधताय.

मग म्हाताऱ्यांना फोन लावायला लागलो. शिवाजी पेठेतल्या एका आक्कांना रोज दुपारी चारला. त्या सासरच्या पाच पिढ्या घडाघडा सांगायच्या, बोटांची पेरं मोजत. फोनवर पेरं कशी दिसणार? पण मधेच "थांब, करंगळी ऱ्हायली" म्हणायच्या, आणि त्या करंगळीवर हमखास एखादी सून नाहीतर लेक निघायची, जी कुठल्याच कागदावर नव्हती. मे २०२१ मध्ये फोन त्यांच्या नातवानं उचलला. दोन पेरांची नावं राहिली ती राहिलीच.

त्याच दिवसांत करवीर तालुक्यातल्या एका गावच्या कोतवाल बुकाचे, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवहीचे फोटो नव्यानं काढून बसलो होतो. पान १९१८ च्या ऑक्टोबरचं. बोरूनं लिहिलेलं, घाईत. अक्षर खाली खाली उतरत गेलेलं. एकाच घरातली चार माणसं बावीस दिवसांत. बाप, दोन मुलगे, एक सून. कारणाच्या रकान्यात चौघांपुढं एकच शब्द : ताप. या घराची वंशावळ मीच दहा वर्षांपूर्वी केली होती. तिथं त्या दोन मुलांच्या नावाखाली रेघ नाही, म्हणजे वंश खुंटला, एवढंच मी काढलं होतं आणि पुढच्या फांदीवर गेलो होतो. ती मानमोडीची, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची साथ होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देशभर त्या साथीतली बहुतेक मरणं अशी तापाच्याच खात्यात गेली. एक कोटीच्या वर माणसं गेली, १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या घटलेली दिसली. आणि घराघरांत उरलं काय, तर खाली रेघ नसलेली नावं. त्या तलाठ्या-कोतवालांना निदान रोगाचं नाव ठाऊक नसेल. आपल्याला ठाऊक आहे, आणि तरी आपण लपवतोय.

सुगी झाली की बेळगावकडनं बैलावर बसून येणारा आमचा हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी पिढीजात वहीत ठेवणारा, २०२१ ला आलाच नाही. कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कोरोनाचा रिपोर्ट बघत होते. बैलाचा रिपोर्ट कुठनं आणायचा, असं तोच हसत म्हणाला. शेवटी फोनवरनं वही वाचली त्यानं, कानडी हेलातल्या मराठीत, एका सुरात. वाचून झाल्यावर म्हणाला, यंदाचे किती गेले ते सांगा, भरून घेतो. कशानं गेले तेही विचारलं. लपवायचं काही त्याच्या मनातही नव्हतं. शिकलेल्या माणसांनाच ही लाज कुठनं आली, कळत नाही.

आणि लाज कशाची? पंचगंगेच्या घाटावर महापालिका मोफत अग्नी देते, होळीला गल्लीगल्लीतनं शेणी, म्हणजे गोवऱ्या, तिकडं पोचतात. त्या दिवसांत घरच्यांना जवळ जाता आलं नाही, पण शेणी सगळ्या गावाच्या होत्या.

बावड्याच्या काकांचा थोरला भाऊ असाच गेला. त्याच्या नावापुढं मी सध्या पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. काकू म्हणतात, शाईनं लिहा. काका फोन उचलत नाहीत.