सिमल्यास जाणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी काही हितकारक सूचना

हिमालयातील थंड हवेच्या ठिकाणी निघण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती ही की आपल्याला हिमालय पाहायचा नाही. यात ओशाळण्यासारखे काही नाही, कारण सिमला वसले तेच मुळी या तत्त्वावर. कॅप्टन केनेडी या इंग्रज अधिकाऱ्याने १८२२ मध्ये तेथे पहिले पक्के घर बांधले, १८६४ पासून ते हिंदुस्थान सरकारच्या उन्हाळी राजधानीचे गाव झाले आणि दरवर्षी दप्तरांचे गठ्ठे, कारकून व मडमा यांच्यासह अख्खे सरकार कलकत्त्याहून डोंगर चढून वर जाऊ लागले. वर पोहोचल्यावर या मंडळींनी देवदारांच्या रानात चर्च, नाटकगृह आणि उतरत्या छपरांचे बंगले उभारले आणि आपण विलायतेतच आहोत, अशी स्वतःची समजूत घालून घेतली. त्यांनी सोबत विलायत नेली. आपण आपली राजारामपुरी पेठ नेण्यास कोणाची हरकत असणार?

तेव्हा सामान बांधताना स्वेटर एखादा कमी पडला तरी चालेल, परंतु कांदा-लसूण चटणीची बरणी, शेंगदाण्याची चटणी आणि चार दिवस टिकतील अशा भाकऱ्या यांत कसूर नको. सहल कंपनी निवडताना तिच्याकडे मराठी आचारी आहे की नाही, एवढेच विचारावे. हिमाचलात ‘सिड्डू’ नावाचा वाफवलेला पदार्थ तुपाबरोबर खातात आणि लग्नकार्यात ‘धाम’ नावाची पंगत बसते, असे कोणी सांगू लागल्यास विषय तांबड्या रश्श्याकडे वळवावा. सिमला समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे, तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते आणि उघड्या पातेल्यातील डाळ शिजायला वेळ लागतो, हे भौतिकशास्त्र आचाऱ्याला ठाऊक असले तरी आपण ते मान्य करू नये. जेवणाला उशीर झाल्यास त्यालाच धारेवर धरावे.

प्रवासाविषयी अनेकांचा गोंधळ होतो. कोल्हापूरहून आठवड्यातून एकदा सुटणारी गाडी दिल्लीच्या निजामुद्दीन स्थानकापर्यंत नेते आणि पुढे कालका गाठले की तेथून सिमल्याची छोटी गाडी मिळते. १९०३ मध्ये सुरू झालेला, ९६ किलोमीटर लांबीचा आणि १०२ बोगद्यांचा हा मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे बोगदा आला की सर्वांनी एकसाथ किंचाळावे, एवढे वारशाचे जतन पुरेसे आहे. एरवी पत्ते काढावेत. बरोगच्या १,१४३ मीटर लांबीच्या बोगद्याची कथा मात्र सहप्रवासी सांगितल्याशिवाय राहत नाहीत. बरोग नावाच्या इंग्रज अभियंत्याने म्हणे बोगदा दोन्ही बाजूंनी खणायला घेतला, टोके जुळली नाहीत, सरकारने त्याला एक रुपया दंड केला आणि त्या अपमानापायी त्याने जीव दिला. पुढे भलकू नावाच्या डोंगरी माणसाने नवी दिशा दाखवली. एका रुपयाच्या दंडाने माणूस मेला, हे ऐकून ज्यांना कोल्हापूरच्या रस्त्यांचे ठेकेदार आठवतील, त्यांनी पुढचे पान टाकावे.

मॉल रोडवर वाहनांना बंदी आहे. हा नियम बाहेरच्यांसाठी असतो असे समजून, गाडी ‘एमएच ०९’ असल्याचे पोलिसाला एकदा सांगून पाहण्यास काहीच हरकत नाही. पुढे ‘स्कँडल पॉइंट’ लागतो. पतियाळाच्या महाराजांनी येथून व्हाइसरॉयची मुलगी पळवली, असे गाईड रंगवून सांगेल. त्यावर कोणते महाराज आणि कोणता व्हाइसरॉय, असे विचारून बिचाऱ्याच्या पोटावर पाय आणू नये. तेथे लाला लजपतराय यांचा पुतळा आहे, त्याच्या चौथऱ्याला टेकून छायाचित्र चांगले येते.

व्हाइसरॉयचा वाडा पाहण्याचा आग्रह झाल्यास जावे, परंतु दडपून जाऊ नये. आपला नवा राजवाडा १८८४ मध्ये पूर्ण झाला आणि हा १८८८ मध्ये, सबब हा चार वर्षांनी धाकटा आहे, हे प्रवेशद्वारातच मोठ्या आवाजात सांगून टाकावे. १९४५ च्या जूनमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी काँग्रेस आणि मुस्लिम लीगच्या पुढाऱ्यांना सिमल्यात बोलावले ते याच वास्तूत. ती बोलणी फिसकटली आणि दोन वर्षांत देशाचे दोन तुकडे झाले. १९६५ पासून येथे उच्च अध्ययन संस्था आहे, म्हणजे आत विद्वान मंडळी शांतपणे वाचत बसलेली असतात. भिंतीवरील जुन्या छायाचित्रांपुढे कोणी रेंगाळत असेल, तर ‘बस सुटेल’ अशी हाळी द्यावी. व्याख्यानाच्या मधोमध दिल्यास ती सर्वांना नीट ऐकू जाते.

जाखूच्या टेकडीवर १०८ फुटी हनुमान आहे आणि त्याचे वंशज चष्मे पळवण्यात निष्णात आहेत. प्रसादाची पुडी फेकली की चष्मा परत मिळतो. देवघेवीचा इतका चोख व्यवहार आपल्याकडे अनेक कचेऱ्यांत अनुभवास येत असल्याने याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

सिमल्याजवळच्या कुफरी गावाला मात्र गेलेच पाहिजे, कारण मे महिन्यात तेथे बर्फ नसतो. नसलेल्या बर्फाकडे चिखलातून घोड्यावर बसून जाणे आणि वर याकवर बसून छायाचित्र काढणे, यासाठी माणसे दोन दिवसांचा प्रवास करून येतात. ‘कुफरी ज्योती’ आणि ‘कुफरी चंद्रमुखी’ ही नावे आपल्या बाजारातील बटाट्याच्या आडत्याला तोंडपाठ असतात. १९५६ पासून सिमल्यात असलेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने आपल्या वाणांना कुफरीचे नाव दिले, आणि त्यांतील ज्योती ही जात १९६८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. आपल्या वड्यात रोज जे गाव आपण खातो त्याची ही हकिकत घोडेवाल्याशी भाव करताना सांगू नये, भाव वाढतो.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न. २०१८ च्या मे महिन्यात सिमल्यातील नळ कोरडे पडले, लोक रात्रीबेरात्री टँकरमागे रांगा लावून उभे राहिले, उच्च न्यायालयाला गाड्या धुण्यास बंदी घालावी लागली आणि उन्हाळी महोत्सवही पुढे ढकलावा लागला. ‘कृपा करून येऊ नका’, अशी पर्यटकांना विनवणी करण्याची पाळी तेथील रहिवाशांवर आली. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूरला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनची वाट पाहण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांना हे दुःख खरे तर सर्वांत आधी कळावे. परंतु आपण खोलीचे भाडे भरलेले असते. म्हणून सकाळ-संध्याकाळ आंघोळ करावी, गरम पाणी येईपर्यंत गार पाणी मोकळे वाहू द्यावे आणि धार बारीक झाल्यास स्वागतकक्षात जाऊन आवाज चढवावा.

परत आल्यावर हॉटेलला दोनच तारे द्यावेत आणि खाली सविस्तर लिहावे, की ठिकाण बरे आहे, परंतु गर्दी फार, पाण्याची बोंब, जेवणाला चव नाही, आणि बाहेरून येणाऱ्या लोकांनी गावाची पार वाट लावली आहे. त्यानंतर पुढच्या मे महिन्यासाठी दार्जिलिंगचे आगाऊ पैसे दिवाळीच्या आतच भरून टाकावेत, नंतर सहल कंपनी दर वाढवते.