एका छत्रीतले दोघं

परवा फॅमिली ग्रुपवर भाचीच्या प्री-वेडिंगचे फोटो आले. पवना डॅमला पावसात एका छत्रीत दोघं, बस एवढंच. काकांना झेपलं नाही. "ही आपली संस्कृती नव्हे" झालं, वर "जपान्यांकडून शिका, चारचौघांत हातसुद्धा धरत नाहीत, विचारा आपल्या टोकियोवाल्याला."

मला कशाला मध्ये ओढता राव. पण ओढलंच तर मी हारुनोबू या जुन्या जपानी चित्रकाराचं चित्र टाकलं, 1760च्या दशकातलं. बर्फ पडतोय, तो काळ्या कपड्यांत, ती पांढऱ्या, म्हणून नाव कावळा आणि बगळा, आणि दोघांत छत्री एकच. एका छत्रीतून जाणं ही इथली प्रेमाची जुनी खूण, आइआइगासा, शाळेतली पोरं अजून फळ्यावर छत्रीचं चित्र काढून दांड्याच्या दोन बाजूंना दोन नावं लिहितात, आपल्याकडे किल्ल्यावर बदाम कोरतात तसं (खडू निदान पुसता येतो, तेवढं बोलणारच). आणि ही काय राजवाड्यातली चित्रं नव्हेत, लाकडी ठशांनी छापून दुकानात विकलेली, साध्या माणसांनी घेतलेली.

उतामारो या दुसऱ्या चित्रकाराच्या 1788च्या 'उतामाकुरा' या शृंगारिक पुस्तकातलं चित्र टाकलं नाही, काकांना बीपी आहे. चहाघराच्या माडीवर दोघं, तिची मान आपल्याकडे, चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत, फक्त त्याचा एक डोळा. बाकी सगळं त्या डोळ्यात.

आणखी एक गोष्टही ग्रुपवर टाकली नाही. असल्या पुस्तकांवर इथे 1722 मध्येच बंदी आलेली. या शृंगारिक चित्रांचं मोठं प्रदर्शन लंडनला 2013 मध्ये झालं, टोकियोत व्हायला 2015 उजाडलं, कारण बऱ्याच म्युझियमनी नको म्हटलं, शेवटी एइसेइ बुन्कोसारख्या छोट्या म्युझियमनं घेतलं. म्हणजे काका अगदीच चूक नाहीत, पण हे ग्रुपवर कोण लिहिणार?

भाऊ म्हणाला, "तिकडे बसून बोलायला सोपंय." लागलं ते. कारण बारा वर्षं झाली, आम्ही नवरा-बायको निशिकासाई स्टेशनवरून पावसात घरी येतो ते कोनबिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातल्या, दोन छत्र्या घेऊन, आणि मी चार पावलं पुढे, अगदी बाबांसारखा. गेल्या वर्षी आई आली तेव्हा फ्रिजवरचं उतामारोचं पोस्टकार्ड मी गुपचूप ड्रॉवरमध्ये टाकलं. हारुनोबूचं राहू दिलं. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"एवढ्या बर्फात कुठे निघालेत रे दोघं? घरी सांगितलंय का?"