खांद्यावर अजून तारा नाही, पण खुर्ची मंचावर

आज दुपारी गावातल्या एका सत्कार समारंभाला गेले होते आणि तेव्हापासून डोके शांत झालेले नाही. मंचावर मधोमध, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी, सुट्टीवर आलेला एक कॅडेट ब्लेझर घालून बसला होता. अकादमीत जाऊन त्याला अजून वर्षही झालेले नाही. आमच्या आळीतले निवृत्त सुभेदार मेजर, ज्यांना मानद कॅप्टनचा हुद्दा मिळालेला आहे, ते मात्र खाली तिसऱ्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. सूत्रसंचालकांनी त्या मुलाची ओळख ‘लष्करी अधिकारी’ अशी करून दिली आणि काकांना ‘आपले माजी सैनिक बांधव’ या घाऊक उल्लेखात बसवून टाकले. त्या मुलाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तो स्वतः उठून काकांना वर बोलवा असे सांगत होता. संयोजकांनीच त्याला दंडाला धरून पुन्हा खाली बसवले. विशीही न गाठलेल्या पोराला जे कळते, ते गावातल्या जाणत्या म्हणवणाऱ्या मंडळींना कळू नये, याचा संताप आहे.

प्रशिक्षण घेणारा कॅडेट हा अजून अधिकारी नसतो, हे एकदा नीट समजून घ्या. खडकवासल्याच्या एनडीएतली तीन वर्षे, भूदलात जाणार असेल तर त्यानंतर देहरादूनच्या अकादमीतले एक वर्ष, मग पासिंग आऊट परेड, अंतिम पग म्हणजे कॅडेट म्हणून टाकलेले शेवटचे पाऊल, आणि त्यानंतर कुठे खांद्यावर तारे चढतात. तोवर एकाही जवानाला हुकूम देण्याचा अधिकार त्याला नसतो. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर यांना मात्र राष्ट्रपतींकडून कमिशन, म्हणजे अधिकारपदाची नेमणूक, मिळालेले असते. अख्ख्या पलटणीत सुभेदार मेजर एकच असतो, आणि कमांडिंग ऑफिसरसुद्धा त्याला ‘साहेब’ म्हणूनच हाक मारतो. शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाची उमेदीची सगळी वर्षे त्या पदापर्यंत पोचण्यात जातात.

माझे वडील, आमचे अण्णा, हवालदार असताना काही काळ ड्रिल उस्ताद, म्हणजे कॅडेटना कवायत शिकवणारे, होते. त्यांच्याकडून ऐकलेला एक प्रसंग आज दिवसभर मनात घोळतो आहे. पासिंग आऊट परेडच्या सरावात सगळ्या स्क्वाडचे बूट एका ठेक्यात आदळत असताना त्यांना एक टाच जराशी हलकी पडलेली ऐकू आली. त्यांनी स्क्वाड थांबवली, त्या कॅडेटला बाजूला घेतले आणि बूट काढायला सांगितले. बूट निघाला की सुजलेला घोटा दिसणार, एमआय रूम, म्हणजे लष्करी दवाखाना, गाठावी लागणार आणि बहुधा एक सत्र मागे पडावे लागणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. तो चिडून म्हणाला की थोड्याच दिवसांत मी तुमचा अधिकारी होणार आहे. अण्णा म्हणाले, “तब सैल्यूट मारूँगा, साहब. आज बूट उतारिए.”

त्या उत्तरात ‘साहब’ होते आणि ‘उतारिए’ही होते. अण्णांनी त्याचा उद्याचा मान राखला, पण आजचा हुकूम मागे घेतला नाही. लष्कर या समजुतीवर चालते, आणि आपल्या समाजाला मात्र उद्याचा हुद्दा आजच वाटून टाकण्याची घाई झालेली असते.

ज्यांना वाटते की सुभेदार-हवालदार म्हणजे फक्त हुकूम पाळणारी माणसे, त्यांनी 1962 च्या ऑक्टोबरात, चीनविरुद्धच्या युद्धात, अरुणाचलच्या सीमेवरच्या बुम ला भागात आपली प्लाटून घेऊन शेवटपर्यंत लढलेले सुभेदार जोगिंदर सिंग आठवावेत. 1987 मध्ये सियाचीनच्या सुमारे 21,000 फूट उंचीवरची शत्रूची चौकी काबीज करणारे बाना सिंग तेव्हा नायब सुभेदार होते. ती चौकी आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. या दोघांनाही परमवीर चक्र मिळाले. आणि आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे यशवंत घाडगे? मराठा पलटणीतले नाईक, म्हणजे हवालदाराच्याही खालचा हुद्दा. 10 जुलै 1944 रोजी इटलीत त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले आणि ती बंद पाडूनच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान, मिळालेला हा माणूस आजच्या कार्यक्रमाला आला असता, तर त्यालाही तिसऱ्याच रांगेत बसवले असते, याबद्दल मला शंका नाही.

हो, मान्य आहे की अखेरचा निर्णय आणि त्याची जबाबदारी अधिकाऱ्याची असते, आणि कारगिलमध्ये मनोज पांडे यांच्यासारखे कोवळ्या वयाचे अधिकारी सर्वांच्या पुढे राहून धारातीर्थी पडले. रगड्याच्या, म्हणजे अंग मोडेपर्यंत करून घेतल्या जाणाऱ्या शिक्षेच्या, नावाखाली कधी कधी अतिरेक होतो, हेही नाकारत नाही. कॅडेटची बाजू सोपी नाहीच. प्रशिक्षणात अपंगत्व येऊन घरी परतलेल्या मुलांना माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नव्हता, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून त्यात लक्ष घालावे लागले.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, म्हणून अण्णांनी बूट काढायला लावलेल्या त्या कॅडेटचे पुढे काय झाले तेही सांगते. त्याच्या घोट्याचे हाड चिरलेले निघाले. तो एक सत्र मागे पडला, अण्णांशी काही दिवस बोललाही नाही. पुढच्या तुकडीबरोबर त्याला तारे मिळाले, आणि त्या सकाळी अण्णांनी त्याला कडक सलाम ठोकला. तो सलाम करताना आपल्याला काही गमावल्यासारखे वाटले नाही, उलट छाती भरून आली, असे अण्णा सांगत. असे नवे लेफ्टनंट पलटणीत आले की सुरुवातीला जवानांबरोबर बराकीत राहतात, त्यांच्याच लंगरात जेवतात, आणि बंदोबस्त कसा लावायचा, रजा नाकारलेल्या जवानाशी कसे बोलायचे, हे त्यांना एखादा मुरलेला सुभेदार शिकवतो. चांगले अधिकारी हे ऋण आयुष्यभर मानतात. त्यांना ते सांगावे लागत नाही.

सांगावे लागते ते आपल्याला. कुणाची एनडीएत निवड झाली की दुसऱ्या दिवशी चौकात दहा फुटी फ्लेक्स लागतो, आणि तो जरूर लागावा, त्या पोराने मेहनत केलेली असते. पण वीसेक वर्षे सीमेवर काढून हवालदाराचा नायब सुभेदार झालेल्या माणसासाठी आपल्या तालुक्यात फ्लेक्स लागलेला मी तरी पाहिलेला नाही. त्याच्या घरी पेढे वाटले जातात, भावकीत फोन होतात आणि विषय तिथेच संपतो. दर 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला निवडक सुभेदार-सुभेदार मेजरांना मिळणाऱ्या मानद लेफ्टनंट आणि मानद कॅप्टन हुद्द्यांची यादी जाहीर होते. येत्या यादीत आपल्या तालुक्यातले जे कोणी असतील, त्यांचा फ्लेक्स चौकात लागेल आणि त्याचा खर्च मी करणार आहे. तुमच्या गावातले, तुमच्या नात्यातले नाव असेल, तर त्यांना विचारून त्यांचा गणवेशातला फोटो, पलटणीचे नाव आणि हुद्दा मला मेसेजमध्ये पाठवा. हुद्दा पूर्ण लिहा, ‘माजी सैनिक’ एवढेच लिहून पाठवू नका.