बोअर खारा असला म्हणून तो समुद्र होत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. वर रंगीत माशांचा फोटो, खाली नोटांची चळत, आणि मधला मजकूर थोडक्यात असा: "खारपाणपट्ट्यातल्या तरुणांनो, तुमच्या बोअरमध्ये समुद्र आहे! घरात काचेचा मोठा टँक बसवा, बोअरचं खारं पाणी भरा, कोरल (प्रवाळ) लावा. कोरल गरम प्रदेशातलंच, त्याला विदर्भाचं ऊन मानवतं, चिलर (पाणी गार करणारं यंत्र) नको. कोरल पाणी स्वतःच साफ ठेवतं, बदलायची गरज नाही. वीस हजारांत सुरुवात. तुकडे करून विका, महिन्याला पन्नास हजार." शेवटी नेहमीचं 'जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा' आहेच.

सगळ्यांनी मलाच पाठवायचं कारण म्हणजे अकोला जिल्ह्यातल्या आमच्या गावात असा टँक असलेला मी एकटाच. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. सहावं वर्ष चालू आहे. पोटापाण्यासाठी कृषी केंद्र चालवतो. शेजारचे काका तर फोन घेऊन थेट दुकानातच आले. "काऊन रे बापू, घरी खारा बोअर असून तू मिठाच्या पिशव्या इकत आनतं? पागल हाये का तू?"

काकांचा प्रश्न रास्त आहे, आणि मेसेजचा सगळा डोलारा त्याच प्रश्नावर उभा आहे. म्हणून तिथूनच सुरू करतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथलं पाणी तोंडाला खारट लागतं, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे आम्हाला कोणी सांगायला नको. पण किती खारट? काकांसमोरच त्यांच्या बोअरच्या पाण्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर बुडवला. आकडा आला लिटरमागे ३,१४० मिलिग्रॅम. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे त्याच मापात ३५,०००. आमच्या बोअरच्या अकरापट. जे पाणी माणसाला पिववत नाही ते समुद्री माशाला जवळजवळ गोडंच.

काका हार मानणाऱ्यांतले नाहीत. "मंग वरून मीठ टाकू ना." बरं, टाकू. पण माती परीक्षणाच्या कागदावरचा नुसता ईसी बघून कोणी खताचा डोस ठरवतं का? ईसी एकूण क्षार किती तेवढंच सांगतो, कोणते ते सांगत नाही. समुद्राच्या पाण्यात मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड तर आहेच, शिवाय लिटरमागे सुमारे १,२९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४१० कॅल्शियम आणि ४०० च्या आसपास पोटॅशियम असतं. जगातल्या कुठल्याही महासागराचं पाणी घ्या, या घटकांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच निघतं. कोरलचं शरीर त्या प्रमाणावरच घडलेलं. आमच्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर, पोटॅशियम नावाला, आणि शेतातल्या युरियाचं नायट्रेट खाली झिरपलेलं. त्यात किराणा दुकानातलं मीठ ओतलं तर खारटपणा वाढेल, बाकीचं गणित आणखी बिघडेल.

ही पोटॅशियमची भानगड पुस्तकी नाही. हरियाणा-पंजाबात जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर कोळंबीची शेती होते. तिथल्या शेतकऱ्यांना तळ्यात काय टाकावं लागतं माहीत आहे? म्युरेट ऑफ पोटॅश. तेच, जे मी कपाशीसाठी गोणीने विकतो. खारं पाणी आहे, पण पोटॅशियम नाही, म्हणून कोळंबी मरते. कोळंबीसारख्या सोशिक प्राण्याची ही गत, तर कोरलचं काय घेऊन बसलात.

खरी थट्टा पुढेच आहे. रीफ टँकला, म्हणजे कोरलच्या टँकला, पाणी आधी शून्य करावं लागतं, म्हणजे आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे) लावून त्यातलं सगळं काढायचं. मग त्यात मोजून समुद्री मीठ घालायचं. टीडीएस जितका जास्त तितका आरओचा जीव जास्त जातो. पहिल्या वर्षी मी बोअरच्याच पाण्यावर आरओ चालवला. एका बादलीमागे चार बादल्या फेकाव्या लागायच्या, त्याही आधीपेक्षा खाऱ्या. मेम्ब्रेन सहा महिन्यांत चोंदलं, रेझिन पंधरा-पंधरा दिवसांत रंग बदलायचं. म्हणजे ज्या बोअरला मेसेज खजिना म्हणतो, तोच या छंदातला सगळ्यात मोठा अडथळा. हेच पाणी पुण्या-मुंबईच्या नळाचं असतं तर निम्मा त्रास वाचला असता.

मग मी पावसाकडे वळलो. माझा स्लॅब ६०० चौरस फुटांचा. एक मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर ५५ लिटर पाणी जमतं. टँकला वर्षभराची गरज पाचेक हजार लिटर, म्हणजे शंभर मिलिमीटर पावसात काळी टाकी भरते. पहिले दोन पाऊस सोडून द्यायचे, छत धुऊन जाऊ द्यायचं. पत्र्याचं छत असेल तर मात्र हा नाद नको, कारण पत्र्यावरचं जस्त पाण्यात उतरतं आणि बिनकण्याच्या प्राण्यांना ते विष. टाकीतलं पाणी मीटरवर १२-१५ दाखवतं. तेही कार्बन आणि रेझिनमधून काढूनच वापरतो, पण आता रेझिन महिनोन्महिने टिकतं.

आता उन्हाचा मुद्दा. मेसेज लिहिणाऱ्याला 'गरम प्रदेश' म्हणजे अकोला वाटलं असावं. उष्ण कटिबंधातला समुद्र गरम असतो तो २६ ते ३० अंशांपर्यंत, आणि मुख्य म्हणजे रोज तेवढाच असतो. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, त्याने बनवलेल्या अन्नावर कोरल जगतं. पाणी तिथल्या नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा जेमतेम एक अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की कोरल ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ ला हेच झालं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ असतं. मानवतं म्हणे!

पण या मुद्द्यात मेसेज निम्मा बरोबर आहे, कारण न समजताच. मे महिन्यात मला खरोखर चिलर लागत नाही. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने टँक गार राहतो. टँकखालच्या सम्पवर, म्हणजे जोडटाकीवर, दोन छोटे पंखे लावलेत. कोरड्या हवेत रोज आठ लिटर पाणी उडतं. एक लिटर उडताना जेवढी उष्णता घेऊन जातं त्या हिशेबाने आठ लिटरमागे विजेच्या पाच युनिटांहून जास्त उष्णता टँकमधून निघते. पाणी २७-२८ वर थांबतं. खोलीत कुलर मात्र लावायचा नाही, हवा दमट झाली की पंख्यांचा जोर जातो. हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. आणि उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. नवखा माणूस इथे हमखास खारं पाणी ओततो.

चिलर लागतो तो जुलैत, पाऊस ओढ देतो तेव्हा. ३५ अंशच तापमान, पण हवा घामट, पंखे फिरतात आणि पाणी उडत नाही. त्या महिना-दीड महिन्यासाठी जुना चिलर घेतला. तो ओसरीत ठेवलाय, कारण टँकमधली गरमी तो जिथे असतो तिथेच ओकतो.

ऊन परवडलं, पण वीज? तीन वर्षांपूर्वी मेच्या शेवटी संध्याकाळी पाचला वावधन सुटलं, गावाबाहेरचे खांब आडवे झाले. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी होती, नऊ वाजता तिने मान टाकली. पंप बंद म्हणजे पाणी स्तब्ध, पाण्यात प्राणवायू मुरणं बंद, पंखेही बंद. रात्री दोनला थर्मामीटर ३०.४ दाखवत होता आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं वासत होते. आईने गडवा आणला. ती टॉर्च धरायची आणि मी टँकमधलंच पाणी गडव्याने हातभर उंचीवरून ओतायचो, मग हात भरून आले की अदलाबदल. पहाटेपर्यंत. वीज दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आली. दोन क्लीनर कोळंबी आणि एक डॅमसेल मासा गेला, झेनिया या मऊ कोरलचा सगळा गुच्छ विरघळून शेंबडासारखा झाला. लेदर कोरल पंधरा दिवस मिटून होतं, मग अंगावरची मेणचट कात टाकून उघडलं. तेव्हापासून ३० वॅटचा डीसी पंप वेगळ्या नव्या बॅटरीवर आहे. मासे जगवायला तेवढा पुरतो.

'पाणी बदलायचं नाही' यावर फार लिहीत नाही. माशांची घाण अमोनिया होते, जिवाणू तिचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही जिवाणूंची वसाहत बसायलाच महिना-दीड महिना लागतो, तोवर टँकमध्ये मासे सोडायचे नाहीत. त्यानंतरही नायट्रेट साचतंच. मी आठवड्याला चाळीस लिटर बदलतो. त्या चाळीस लिटरांत जवळपास दीड किलो मीठ असतं. ते ओतायचं कुठे? सुरुवातीला अंगणातल्या जास्वंदीच्या बाजूला ओतलं, महिन्यात जास्वंद वाळली आणि आईने आठवडाभर माझ्याशी बोलणं सोडलं. आधीच क्षारांनी चोपण झालेल्या मातीत आणखी मीठ घालणं म्हणजे पापच. आता गच्चीवर प्लास्टिकच्या उथळ तसराळ्यांत सुकवतो आणि उरलेलं मीठ खरवडून पोत्यात भरतो. विदर्भाच्या उन्हाचा एवढा उपयोग मेसेजवाल्याला सुचला नाही.

वीस हजार? चार बाय दोन बाय दोनच्या टँकमध्ये साडेचारशे लिटर पाणी मावतं. बारा मिलिमीटर काचेचंच वजन नव्वद किलोच्या घरात. दगड, वाळू, स्टँड धरून सहाशे किलोंच्या वर. हे सगळं आमच्या काळ्या मातीवर, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. माझा पहिला स्टँड साध्या फरशीवर होता. ऑगस्टमध्ये बघतो तर पाण्याची रेघ एका कोपऱ्यात सहा मिलिमीटर खाली. असा ताण सांध्यावर येत राहिला की एक दिवस दिवाणखान्यात पूर. फरशी फोडून, काळी माती काढून, मुरूम भरून काँक्रीटचा ओटा केला तेव्हा झोप लागली. दिवे, पंप, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) मिळून सरासरी साडेतीनशे वॅट चोवीस तास, म्हणजे महिन्याला अडीचशे युनिट. सहा वर्षांत दोन लाखांच्या पुढे गेलोय, आणि हा आकडा घरी कोणाला सांगितलेला नाही.

शेवटचा मुद्दा विक्रीचा, आणि या मेसेजमध्ये खरोखर संतापजनक काही असेल तर हा. फोटोत फांद्याफांद्यांचं जे निळं-जांभळं कोरल आहे ते अ‍ॅक्रोपोरा, म्हणजे दगडी सांगाडा बनवणारं कोरल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून अशी सगळी दगडी कोरल पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. काळं कोरल, ऑर्गन पाइप, अग्निप्रवाळ, सी फॅन हेही त्यात. समुद्रातून आणलेला मेलेला तुकडासुद्धा चालत नाही. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. कर्जात बुडालेल्या पोराला कोणी 'तुकडे करून विक' सांगतं, तेव्हा तो त्याला कुठे ढकलतो आहे याची कल्पना असायला हवी. माझ्याकडचे दगड सिमेंट आणि वाळूचे, मी स्वतः पाडलेले. कोरल आहेत ती लेदर, मश्रूम, झोअँथिड अशी मऊ, त्यांची बिलं फाइलला. क्लाउनफिशची जोडी टाकीत पैदास केलेली. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती पैदास करून दाखवली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारणच नाही.

आणि तुकडे करणं म्हणजे पानवेल छाटणं नव्हे. काही झोअँथिडमध्ये पॅलीटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. दगड स्वच्छ करायला म्हणून उकळत्या पाण्यात टाकला तर ते वाफेबरोबर हवेत येतं, आणि घरातली माणसं दवाखान्यात जातात. मी फवारणीच्या औषधाच्या डब्यांवरचे लाल त्रिकोण रोज लोकांना दाखवतो. झोअँथिडवर त्रिकोण छापलेला नसतो.

काकांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी पान थुंकलं आणि विचारलं, "म्हंजे आपल्या बोअरच्या पान्यात काहीच जगत नाही म्हन ना." जगतं की. मॉली नावाचा मासा आहे, त्याला असंच जड, खारट पाणी आवडतं, मीठ नको, आरओ नको. दुकानामागच्या सिमेंटच्या टाकीत माझ्याकडे आहेत, डासांच्या अळ्या खातात. सहा मॉली पाण्याच्या बाटलीत घालून काकांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या गुरांच्या जुन्या हौदात सोडल्या.

परवा दिसले तर म्हणाले, पिल्लं मोजवत नाहीत. आणि मग हळूच, "कितीले जाते रे एक?"