शार्लोट लेकवरची अर्धी शीळ

पाय अजून लाल मातीने माखलेत, पण हे लिहिल्याशिवाय आज झोप यायची नाही.

आज भाचीला घेऊन माथेरानला गेले होते. पहाटेची कर्जत लोकल, नेरळहून टॅक्सीने दस्तुरी, पुढे पायी. बाजारपेठेत न रेंगाळता थेट शार्लोट लेकची झाडीतली वाट धरली. खाली नेरळला सकाळी सातलाच घामाच्या धारा, आणि इथे जांभूळ-हिरड्याच्या सावलीत वाट गारेगार. सात वर्षांची पोर ती, सारखं "मावशी, किती राहिलं?" चाललेलं. तळ्याजवळ आलो आणि तिने एकदम माझा हात घट्ट धरला.

"कोण शीळ घालतंय?"

शीळकरी कस्तूर! पाऊस जवळ आला की याला कंठ फुटतो. ठरलेली चाल नाही. कुणी आपल्याच तंद्रीत घरी चाललेला माणूस घालतो तशी शीळ. आम्ही दगडावर बसलो. बंधाऱ्याखालच्या ओल्या कातळावर दिसलाही. काळाभोर, पण जरा वळला की खांद्यावर निळं चमकायचं. पोरगी श्वास रोखून बघत होती. हिला घरी दोन मिनिटं एका जागी बसवता येत नाही हो!

आणि मागून स्पीकर आला.

सहा-सातजण, एकाच्या पाठीवर तो डबा, धाड धाड धाड. पक्षी शिळेच्या मध्येच थांबला. लगेच उडालाही नाही, नुसता गप्प झाला. मग गेला.

मी म्हटलं, "जरा बंद करता का?" तर हसून म्हणतो, "काकू, तुम्हीपण एन्जॉय करा ना!" उद्धटपणे बोलला असता तर परवडलं असतं. त्याला खरंच वाटत होतं की आम्ही दोघी तिथे कंटाळून बसलोय.

माथेरानात पर्यटकांच्या गाड्यांना बंदी आहे. दस्तुरीला गाडी ठेवायची आणि चालायचं किंवा घोडा करायचा. २००३ साली केंद्राने हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. मुंबईच्या इतक्या जवळ हॉर्न ऐकू न येणारी दुसरी जागा सांगा मला. आणि तिथे आपण काय करतो? खाली ठेवून आलेला गोंगाट पाठीवर बांधून वर चढवतो!

पुढचं ऐका. तळ्याकाठी पिसारनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत. तीच मुलं तिथे आली, स्पीकर बंद केला, बूट काढले, हात जोडले, अगदी शांतपणे बाहेर आली. बूट चढवले आणि परत चालू. म्हणजे कळतं ना! कुठे गप्प राहायचं हे बरोब्बर कळतं. मग वीस पावलांवरच्या झाडांनी काय घोडं मारलंय?

हो, आठवड्याची एक सुट्टी असते, पोरांना मजा करू द्यावी. मान्य. आम्हीही कॉलेजात असताना ट्रेकला गाणी म्हणायचो. पण गळ्यातून म्हणायचो, दम लागला की आपोआप थांबायचो. त्या डब्याला दम लागत नाही.

भाची नंतर अर्धा तास त्याच दगडावर बसून राहिली. "परत येईल ना गं तो?" मी "येईल" म्हटलं. तळ्याचं पाणी खाली गेलेलं, काठावर चिप्सची पाकिटं. माथेरान पितं ते हे पाणी! ती पाकिटं मी उचलली. आवाज कसा उचलू?

वाटेत एक ठाकरीण आजी करवंदं घेऊन बसली होती. पोरीचा उतरलेला चेहरा बघून तिने पानाच्या द्रोणात मूठभर जास्तच घातली. काय झालं ते मी सांगितलं. म्हणाली, "रविवारी नाय बोलत तो. मधल्या वारी आणा पोरीला." त्या पक्ष्याने आपल्या सुट्टीचा वारही ओळखून ठेवलाय. हे ऐकल्यापासून राग कमी आणि लाजच जास्त वाटतेय.

आता बुधवारी रजा टाकणार आहे. पोरीच्या शाळेला सुट्टीच आहे.

परतीच्या लोकलमध्ये खिडकीशी बसून ती ओठांचा चंबू करून शीळ घालत होती. बदलापूर गेलं, कल्याण गेलं, तरी चालूच. दर वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबायची. तिने तेवढीच ऐकली होती.