‘आईबापांना शुगर, म्हणजे तुम्हालाही होणारच’: या मेसेजचा प्रतिवाद

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘डायबेटिस रक्तातच असतो. आईबापांना असेल तर टळत नाही; पथ्य, चालणं सगळं फुकट. घराण्यात नसेल किंवा अंगाने बारीक असाल तर बिनधास्त खा.’ तो वाचून तळजाईवर रोज सकाळी चालायला येणाऱ्या एका काकूंनी येणंच बंद केलं. म्हणून हे लिहितोय.

‘टळत नाही.’ टाइप २ डायबेटिसमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे मान्यच. पण एकच जीन (जनुक) हा आजार ठरवत नाही. अनेक जीन थोडाथोडा धोका वाढवतात. टीसीएफ७एल२ हा त्यातला ठळक. अमेरिकेत साखर वाढू लागलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ साली आले. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी करण्याचं लक्ष्य असलेल्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. साखर कमी करणारी मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ही घट ३१ टक्के होती. पुढे याच लोकांचे जीन तपासले, तेव्हा टीसीएफ७एल२चा धोकादायक प्रकार असलेल्यांनाही पथ्य-व्यायामाचा फायदा झालेला दिसला. काकू, चालणं फुकट जात नाही.

‘बारीक माणसाला भीती नाही.’ याला उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर हा फरक दिसतच नाही.

यावर कुणी म्हणेल, मग हेही जीनच झालं की! थोडं असेलही. पण याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेतलाय. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. पुढे मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली. गरोदरपणात ज्यांच्या आईच्या रक्तात बी१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्यात इन्सुलिनला शरीर दाद न देण्याची लक्षणं सर्वांत जास्त होती. म्हणजे आईच्या ताटात काय पडलं, याचा संबंध मुलाच्या साखरेशी दिसतो. घरात सून गरोदर असताना तिच्या वाट्याला शेवटी उरलेलं येत असेल, तर ‘आमच्या रक्तातच आहे’ म्हणायचा हक्क मला तरी दिसत नाही.

‘घराण्यात नाही.’ आजोबांची साखर कधी कुणी तपासली होती? आणि ते दिवसभर शेतात राबत होते. शिवाय आईबापांकडून जीनसोबत स्वयंपाकघरही मिळतं: तोच गोड चहा, तीच रात्री दहाची जेवणं.

आईवडिलांपैकी कुणाला शुगर असेल तर वय कमी आहे, अंगाने बारीक आहोत म्हणून थांबू नका. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. गरोदर मुलीचं बी१२ डॉक्टरांना विचारून तपासा, शाकाहारी घरात तर आवर्जून.