राखीव कॅमेरा कोणता ठेवावा?

फिल्मवर छायाचित्रे काढणाऱ्या माणसाच्या कपाटात कधी ना कधी चार-पाच जुने कॅमेरे साठतात आणि त्यांतला कोणता ठेवायचा, कोणते देऊन टाकायचे हा प्रश्न उभा राहतो. माझा मुख्य कॅमेरा निकॉन एफई२ आहे. राखीव म्हणून निकॉन एफएम, ऑलिंपस ओएम-१, पेंटॅक्स के१००० आणि कॅनन एई-१ असे चार पर्याय समोर आहेत. त्यांतला एफएम मी ठेवणार आहे, जरी हातात घेताना सर्वांत जास्त आनंद ओएम-१ देत असला तरी.

मुख्य कॅमेरा ऐनवेळी अडला, तर तेवढ्यात त्याची जागा घेणे एवढेच राखीव कॅमेऱ्याचे काम असते. त्यामुळे पहिली कसोटी लेन्स माउंटची, म्हणजे लेन्स जिथे बॉडीला अडकते त्या कडीची. बॅगेतल्या लेन्स ज्या बॉडीवर बसत नाहीत, तिच्यासाठी लेन्सचा दुसरा संच वाहावा लागतो आणि मग राखीव कॅमेऱ्याचेच ओझे होऊन बसते. ओएम-१ इथेच मागे पडतो. त्याचा व्ह्यूफाइंडर आजही थक्क करतो, पण शटरगतीची रिंग लेन्स माउंटभोवती आहे आणि एफई२ला सरावलेली बोटे घाईत वरच्या चकतीकडेच जातात. शिवाय त्याचा प्रकाश मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला आहे. ते सेल आता बनत नाहीत आणि त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की मीटर चुकतो. सेल उतरत जाईल तशी ती चूकही बदलत जाते.

दुसरी कसोटी मला अधिक महत्त्वाची वाटते: दोन्ही कॅमेरे एकाच कारणाने बंद पडता कामा नयेत. एफई२चे शटर इलेक्ट्रॉनिक आहे. सेल संपल्यावर त्यात १/२५० ही एकच यांत्रिक गती आणि बल्ब (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे) उरतात. अशा कॅमेऱ्याच्या जोडीला १९७६चा एई-१ ठेवण्यात अर्थ नाही, कारण सेलवाचून त्याचे शटर सुटतच नाही. के१००० पूर्ण यांत्रिक आणि कणखर आहे. त्याच्या मीटरला स्विच नसल्याने लेन्सवर टोपी लावून ठेवावी लागते, पण ते चालवून घेता येते. अडचण पुन्हा माउंटचीच.

१९७७मध्ये आलेल्या एफएमचे शटर १ सेकंदापासून १/१०००पर्यंत सेलशिवाय चालते. सेल लागतात ते फक्त मीटरच्या तीन लाल दिव्यांना, आणि तेही एफई२मध्ये बसणारेच. फिल्म आपोआप पुढे सरकवणारी एमडी-१२ ही मोटर दोन्हींना चालते. आणखी एक सोय अशी की एफएमच्या माउंटजवळची छोटी कळ दुमडता येते, त्यामुळे एआय (लेन्सचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाशाचे छिद्र, किती लावले ते मीटरला कळवणाऱ्या) प्रणालीपूर्वीच्या ज्या लेन्स एफई२वर चढवू नयेत, त्या इथे बसतात. अर्थात मीटर वाचताना ॲपर्चर लावलेल्या आकड्यापर्यंत मिटवून घ्यावे लागते.

एफएमऐवजी एफएम२ का नाही, असे कोणीतरी विचारणारच. त्याची १/४००० गती मोहात पाडते हे खरे, पण ४०० आयएसओची फिल्म भर उन्हात एफ/११ आणि १/१०००वर व्यवस्थित बसते. राखीव कॅमेऱ्याकडून याहून जास्त मागणे मला हौसेचे वाटते. मात्र उन्हात फ्लॅश वापरणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. एफएमचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारी सर्वांत जलद गती, १/१२५वर थांबतो, तेव्हा त्यांनी एफएम२च शोधावा.

मॉडेल ठरले तरी हातातली बॉडी तपासावीच लागते. लेन्स उतरवून, मागचे झाकण उघडून कॅमेरा उजळ पांढऱ्या भिंतीकडे धरावा आणि १/१०००वर शटर मारत मागून पाहावे. चौकट वरपासून खालपर्यंत सारखी उजळली पाहिजे. एखादी कड काळी राहिली, तर शटरचा एक पडदा दुसऱ्याला गाठतो आहे असे समजावे. मग १ सेकंद लावून कान द्यावा. आतल्या चाकांची घरघर एकसुरी हवी. ती मध्येच रेंगाळली, तर वंगण सुकलेले असते. झाकणाच्या खाचेतला फोम नखाला काळा आणि चिकट लागला, तर घाबरू नये, तो घरी बदलता येतो. आरशाच्या वरचा फोम मात्र लवकर बदलावा, कारण त्याचे कण फोकसिंग स्क्रीनवर पडतात.

राखीव कॅमेरा कपाटात नुसता पडून राहिला की त्याचे वंगण घट्ट होते, म्हणून अधूनमधून सर्व गतींवर शटर चालवावे आणि मधूनच एखादा रोलही त्यात घालावा. ठेवताना सेल काढून घ्यावेत आणि शटर ताणलेले सोडू नये. बाहेर नेताना त्यात फिल्म भरून ठेवावी की नाही यावर मतभेद आहेत. मी तो रिकामा नेतो, कारण मुख्य कॅमेऱ्यात त्या दिवशी कोणती फिल्म चालू आहे ते पाहून तशीच फिल्म त्यात घालता येते, आणि रोल चढवायला लागून लागून किती वेळ लागतो? ओएम-१ मात्र ज्याच्याकडे ऑलिंपसच्या झुइको लेन्स आहेत, अशा कोणाला तरी देईन.